परसदारीची फरसबंदी

घराचे पुढचे अंगण सारवलेले असते, रांगोळीने सजलेले असते. पाहुणा येतो तो तेथेच. परंतु घरातल्या माणसांचा खरा दिवस पुष्कळदा मागील दारी जातो. धुणी वाळतात ती परसात, शेंगा फोडल्या जातात त्या परसात, कुरडया आणि पापड उन्हे खातात ते परसात, आणि वैशाखातील रात्री बाज टाकून आजोबा निजतात तेही परसातच. असे असूनही घर बांधताना परसाचा विचार सर्वांत शेवटी होतो. किंबहुना होतच नाही. उरलेल्या फरश्यांचे तुकडे, मोडक्या कौलांचा ढीग आणि मोरीच्या पाण्याचे डबके यांनाच तेथे हक्काची जागा मिळते.

अशा परसात चार माणसांना बसता यावे, पावसाळ्यात चिखल तुडवावा लागू नये, एवढ्यासाठी विटांची एक लहानशी फरसबंदी कशी योजावी, हे या पाठात पाहावयाचे आहे. 'योजावी' हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. विटा मांडण्याचे काम दोन दिवसांत उरकते. ती मांडणी वीस वर्षे टिकेल की पहिल्याच श्रावणात बिघडेल, हे त्याआधी केलेल्या विचारावर ठरते. आणि तो विचार विटेपासून सुरू होत नाही. तो सुरू होतो पाण्यापासून आणि मातीपासून.

पाऊस जोराने पडत असताना मागल्या दारात उभे राहा आणि पाहा. छपराच्या पागोळ्या कोठे पडतात? पाणी कोणत्या बाजूने येते, कोठे क्षणभर थबकते, कोठून शेजाऱ्याच्या कुंपणाकडे पळते? पाऊस नसेल तर दहा-बारा बादल्या पाणी ओतूनही हे कळते. ज्या खोलगट जागी पाणी साचते, ती जागा फरसबंदीसाठी निवडावी असे पुष्कळांना वाटते. कारण चिखल तेथेच असतो. पण त्या जागेवर विटा घातल्या म्हणून पाणी तेथे येण्याचे थांबत नाही. आधी पाण्याला वाट करून द्यावी, मग माणसाला बसावयास जागा. पागोळ्यांची रेषाही ध्यानात ठेवावी. त्या रेषेवर विटा मांडल्या, तर वरून पडणारी धार सांध्यांतील वाळू दोन पावसांत उडवून लावते. तेथे वीतभर रुंदीची खडीची पट्टी ठेवलेली बरी.

आता माती पाहू. आपला अहिल्यानगर जिल्हा, ज्याचे नाव २०२४ पर्यंत अहमदनगर असे होते, मातीच्या बाबतीत एकजिनसी नाही. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासे या गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातील तालुक्यांत काळी, चिकण, खोल जमीन आहे. पारनेर, पाथर्डी, जामखेडकडे पुष्कळ ठिकाणी मातीचा थर पातळ. हातभर खणले की मुरूम लागतो. पश्चिमेस अकोले तालुक्यात तर कळसूबाई आणि भंडारदऱ्याच्या डोंगराळ मुलखाची तऱ्हाच वेगळी. काळी माती ऊस-कपाशीला मानवते. बांधकामाला मात्र ती फार अवघड. तिचे कण अतिशय सूक्ष्म आणि पापुद्र्यांसारखे असतात. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की माती फुगते. पाणी सुकले की आकसते आणि तिला भेगा पडतात. चैत्र-वैशाखात शेतातील भेगेत तुम्ही हात घालून पाहिला असेल; कधी कधी तो मनगटापर्यंत आत जातो. ज्या जमिनीत एवढी उलथापालथ दरवर्षी होते, तिच्या पाठीवर विटा ठेवल्या तर काय होईल?

प्रवरेच्या काठच्या एका गावी हे मी डोळ्यांनी पाहिले. एका सद्गृहस्थांनी चैत्रात परसातील काळी जमीन नुसती चोपून घेतली आणि तिच्यावर उत्तम, खणखणीत विटा मांडल्या. दृश्य मोठे देखणे होते. भाद्रपदात जाऊन पाहतो तो मधला भाग फुगून वर आलेला, कडेच्या विटा कलंडलेल्या, आणि दोन ठिकाणी पाणी तुंबलेले! गृहस्थ वीटभट्टीवाल्यावर चिडले होते. तेथेच एक वृद्ध गवंडी बसले होते. ते म्हणाले, "गुरुजी, विटंला कशाला बोल लावायचा? काळं रान जित्तं असतं. उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं. त्याच्यावर वीट ठेवली, तर ती हलणारच ना." भूगर्भशास्त्राच्या ग्रंथातही याहून वेगळे काही सांगितलेले नाही.

म्हणून काळ्या जमिनीवर पहिले काम म्हणजे ती जमीन काढून टाकणे. निदान एक हात, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर माती काढावी आणि त्या जागी मुरूम भरावा. मुरूम म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला काळा पाषाणच होय. तो पाण्याने फारसा फुगत नाही, ठोकला की घट्ट बसतो, आणि सुदैवाने आपल्याकडे तो मुबलक आहे. मुरमाड जमिनीवर एवढे खणण्याचे कारण नाही. २५ सेंटिमीटर पुरतात. काढलेली काळी माती फेकू नये. परसबागेतील वाफ्यांना ती सोन्यासारखी असते.

खणताना काय हाती लागेल याचा मात्र नेम नसतो. नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू बंदिवासात होते. 'भारताचा शोध' हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ तेथेच १९४४ साली लिहिला गेला. त्याच्या आरंभीच त्यांनी आपल्या बागकामाविषयी लिहिले आहे. फुलझाडांचे वाफे करण्यासाठी ते भर उन्हात खणत असत. आणि तेथील जमीन अगदी निकृष्ट, दगडगोट्यांची, जुन्या इमारतींच्या अवशेषांनी भरलेली होती. जुन्या गावठाणात तुमच्या फावड्यालाही असाच अनुभव येईल. भराव पोकळ असेल तर तो सगळा काढून पुन्हा दाबून भरावा लागतो. शिवाय पाण्याची नळी, मोरीचे गटार, शौचकूपाचे झाकण कोठे आहे, हे आधी विचारून घ्यावे. झाकणावर फरसबंदी करणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना ती लवकरच उखडावी लागते.

जागा ठरली, आता आकार. आकार वहीत ठरवू नये. तो जमिनीवर ठरवावा. नियोजित जागी सतरंजी अंथरा, एक बाज टाका, घरातील माणसांना प्रत्यक्ष बसवा आणि कोणी ताट घेऊन मधून जाऊ शकते का ते पाहा. दुपारनंतर सूर्य पश्चिमेस असतो. म्हणून घराच्या पूर्वेस परस असेल तर संध्याकाळी भिंतीची सावली आयतीच मिळते. पश्चिमेकडे असेल तर एखाद्या निंबाचा आसरा शोधावा लागेल. मात्र झाडाच्या बुंध्याला विटा भिडवू नयेत. बुंध्याभोवती निदान मीटरभर जागा उघडी सोडावी; मुळांना पाणी-हवा लागते, आणि मुळे जाड झाली की ती विटांची भीडभाड ठेवीत नाहीत.

समजा, अशा रीतीने आपण ३.६ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद जागा पसंत केली. हेच आकडे का घेतले, ते समजण्यासाठी एक वीट हातात घेऊ. आपल्याकडील भट्टीवर मिळणारी वीट साधारणपणे २३ सेंटिमीटर लांब, ११ सेंटिमीटर रुंद आणि साडेसात सेंटिमीटर जाड असते. दोन विटा शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांच्या मध्ये एक सेंटिमीटरची फट सोडा. ११ अधिक १ अधिक ११, म्हणजे २३. एका विटेची लांबी झाली! लांबी ही दोन रुंद्या आणि एक सांधा यांच्या बेरजेइतकी असते, हेच विटेचे खरे गुपित आहे. त्यामुळेच ती उभी, आडवी, कशीही फिरवली तरी शेजारणीशी जुळते.

ही युक्ती आजची नव्हे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या तीरावर दायमाबाद नावाचे ठिकाण आहे. तेथे सापडलेले काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ जगप्रसिद्ध आहेत. १९५८ पासून १९७९ पर्यंत तेथे तीन वेळा उत्खनने झाली. त्यांत सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची, सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या काळातील, कच्च्या विटांनी बांधलेली एक कबर आढळली. त्या विटांची लांबी, रुंदी आणि जाडी यांचे प्रमाण ४ : २ : १ असे आहे. अगदी हेच प्रमाण मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील विटांतही आढळते. मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध स्नानकुंडाचा तळ तर विटा कडेवर उभ्या करून जडविला आहे, आणि पाणी निघून जावे म्हणून त्या तळाला एका कोपऱ्याकडे उतार दिलेला आहे. तेथल्या गवंड्यालाही पाण्याचाच विचार आधी करावा लागला होता.

विटेच्या मापावर बसणारा आकार निवडला की तोडकाम टळते. सांधा धरून एका विटेची जागा २४ × १२ सेंटिमीटर. ३.६ मीटरमध्ये २४ सेंटिमीटर बरोबर १५ वेळा जातात आणि २.४ मीटरमध्ये १० वेळा. गणिताच्या वहीतील चौकटीच्या कागदावर १५ चौकटी लांब आणि १० चौकटी रुंद असा आयत आखा. प्रत्येक चौकट म्हणजे २४ सेंटिमीटरचा चौरस; तिच्यात दोन विटा. पहिल्या चौकटीत दोन्ही विटा उभ्या काढा, दुसरीत दोन्ही आडव्या, तिसरीत पुन्हा उभ्या. खालच्या ओळीत आडव्यांपासून आरंभ करा. पाहता पाहता कागदावर चटईची वीण उमटेल. चौकटी १५० आणि विटा ३००. एकही तोडावी लागत नाही.

याखेरीज मांडणीच्या दोन रीती विशेष प्रचारात आहेत. एक, भिंतीप्रमाणे सांधेमोड करीत जाणारी, म्हणजे एका ओळीचा सांधा दुसऱ्या ओळीतील विटेच्या मध्यावर आणणारी. दुसरी, माशाच्या काट्यासारखी तिरकी. तीत प्रत्येक वीट शेजारच्या विटेला आडवी येते, म्हणून ती सर्वांत भक्कम. जेथून गाडी किंवा ट्रॅक्टर जावयाचा असेल तेथे तीच करावी. मात्र तिच्या कडांना अर्ध्या विटा तोडून बसवाव्या लागतात. आपल्या परसात गाडी येणार नाही, आजीची बाज येणार आहे. चटई पुरे.

कडेसाठी आणखी विटा लागतील. फरसबंदीला कड नसेल तर विटा हळूहळू बाहेर सरकतात. परातीला काठ नसता तर पिठाचे जे झाले असते, तेच त्यांचे होते. भोवतीचे माप १२ मीटर आहे. उभी पुरलेली वीट १२ सेंटिमीटर जागा घेते, म्हणून कडेला सुमारे १०० विटा. एकूण ४००, फुटतुटीसाठी दहावा हिस्सा अधिक धरला की ४४० विटा झाल्या.

भट्टीवर विटा पाहावयास गेल्यावर दोन विटा एकमेकींवर हलकेच आपटाव्या. पक्की भाजलेली वीट धातूसारखी खणखणते. कच्ची वीट भद्द वाजते. नखाने ओरखडा उमटू नये. मीटरभर उंचीवरून मऊ मातीवर टाकली तर फुटू नये. घरी आणून एक कोरडी वीट तोलून पाहावी, दिवसभर पाण्यात बुडवून ठेवावी आणि पुन्हा तोलावी. तीन किलोंची वीट सहाशे ग्रॅमहून, म्हणजे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक पाणी पीत असेल, तर ती फरसबंदीस घेऊ नये. पांढरी बुकटी अंगावर आलेली, म्हणजे लोणा लागलेली वीटही नको. आणि हाताने थापलेल्या विटा तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून वीस विटा एका रांगेत लावून माप घ्यावे. ४६० सेंटिमीटर भरले तर आपला हिशेब बरोबर. कमी-जास्त भरले तर तेवढा आराखडा बदलावा. विटेला आराखड्याप्रमाणे लांब होता येत नाही.

विटा दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत थापल्या जातात. पावसाळ्यात ते काम बंद असते. थापणारी, वाहणारी, भट्टी रचणारी ही बहुधा आपले गाव सोडून आलेली कुटुंबे असतात, आणि त्यांची मुले तुमच्याच वयाची असतात. सहा महिने आईबापांबरोबर भट्टीवर गेलेल्या मुलाची शाळा सुटली, की ती पुन्हा सुरू होणे कठीण होते. वीट हातात घेऊन तिचा भाव करताना ही गोष्ट ठाऊक असलेली बरी.

विठोबाच्या कथेत पुंडलिकाने देवाला उभे राहण्यासाठी वीट फेकली, कारण आईबापांची सेवा सोडून त्याला उठता येत नव्हते. एकच वीट, पण पायांना कोरडी, सपाट जागा देणे हे तिचे काम तेव्हाही तेच होते.

आता प्रत्यक्ष कामास लागू. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून दोरी ताणावी. कोपरा काटकोनात आहे की नाही, हे नजरेने ठरवू नये. एका भुजेवर ९० सेंटिमीटरवर आणि दुसरीवर १२० सेंटिमीटरवर खूण करावी. दोन खुणांमधील अंतर बरोबर १५० सेंटिमीटर भरले तर कोपरा खरा. यज्ञवेदीच्या विटा रचण्यासाठी आपल्या पूर्वजांनी शुल्बसूत्रे रचली, त्यांत दोरीच्या मापांचे असेच नियम आहेत. 'शुल्ब' या शब्दाचा अर्थच दोरी. शेवटी दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले, सुमारे ४ मीटर ३३ सेंटिमीटर, की आखणी पुरी झाली.

याच वेळी उतार ठरवावा. घराच्या भिंतीकडून बाहेर, दर ६० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर, एवढा उतार पुरतो. २.४ मीटर रुंदीत तो ४ सेंटिमीटर होतो. बसणाऱ्याला तो जाणवत नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो. भिंतीकडील आणि बाहेरील खुंट्यांवर पाणसळीने समान खूण करून बाहेरची दोरी ४ सेंटिमीटर खाली बांधावी. फरसबंदीची वरची पातळी घराच्या जोत्यापेक्षा निदान वीतभर खाली असावी. नाहीतर पावसाचे पाणी भिंतीत चढते.

मुरूम एकदम ओतू नये. चार बोटांचा थर द्यावा, पाणी शिंपडावे, धुम्मसाने ठोकावा. मग दुसरा थर. हे काम कंटाळवाणे आहे आणि दिसत नाही, म्हणूनच त्यात चुकारपणा होतो. टाच जोराने दाबली असता ठसा उमटला नाही, म्हणजे ठोकणे पुरे झाले. २५ सेंटिमीटरच्या खड्ड्यात १५ सेंटिमीटर मुरूम धरला, तर ठोकून बसणारा माल अर्ध्या ब्रासहून थोडा अधिक आणावा. काळ्या जमिनीच्या खोल खड्ड्याला याच्या दुपटीहून अधिक लागेल.

मुरमावर तीन सेंटिमीटर वाळू. प्रवरा, मुळा, गोदावरी यांच्या पात्रांतून इतकी वाळू उपसली गेली आहे, की काठच्या विहिरींना त्याचा जाच होतो. एवढ्याशा कामासाठी खाणीतील दगडाची कच चाळून घेतली तर काही बिघडत नाही. प्रथम कडेच्या विटा तीन बाजूंनी उभ्या पुरून चुन्यात किंवा सिमेंटात बसवाव्या. चौथी बाजू शेवटी. मग वाळू पसरून, सरळ फळी ओढून ती सपाट करावी आणि तिच्यावर पाय देऊ नये. भिंतीकडील एका कोपऱ्यापासून आरंभ करावा आणि मांडलेल्या विटांवर उभे राहून पुढे जावे. सांधा सारखा राहावा म्हणून एक सेंटिमीटर जाडीची लाकडी पट्टी मध्ये धरावी. वीट बसली की लाकडी हातोडीने दोन ठोके. दर चार ओळींनी दोरी लावून पाहावी. कारण एका विटेची केसभर चूक पंधराव्या विटेपर्यंत बोटभर होते. अखेरीस कोरडी बारीक वाळू पसरून झाडूने सांध्यांत लोटावी, पाणी शिंपडावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लोटावी.

येथे कोणी विचारील, वाळू कशासाठी? सांधे सिमेंटाने भरून सगळे एकसंध का करू नये? किंवा विटांचा खटाटोपच सोडून गुळगुळीत कोबा का घालू नये? त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे गणित करू. जिल्ह्याच्या पूर्व भागातील पर्जन्यछायेच्या गावांत वर्षाकाठी साधारणपणे पाचशे मिलिमीटर, म्हणजे अर्धा मीटर पाऊस पडतो असे धरू. आपल्या फरसबंदीचे क्षेत्रफळ ३.६ × २.४, म्हणजे ८.६४ चौरस मीटर. त्यावर पडणारे पाणी ४.३२ घनमीटर, म्हणजे ४३२० लिटर! ग्रामीण भागासाठी जल जीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने हे एका माणसाचे ७८ दिवसांचे पाणी झाले. आणि हे केवळ दोन बाजांच्या जागेवरचे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते, तेथे कोबा घालून एवढे पाणी गटारात सोडावे काय? नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावी पावसाळ्यानंतर गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून कोणती पिके घ्यावयाची ते ठरवितात. घरच्या परसाचाही असा ताळेबंद मांडता येतो.

वाळूच्या सांध्यांतून पाणी खाली मुरते. सगळेच मुरते, असे मात्र नव्हे. रिमझिम पाऊस जमीन पिऊन टाकते. वळवाची मोठी सर आली की बरेचसे पाणी उतारावरून वाहू लागते. म्हणून उताराच्या पायथ्याशी त्याला जागा हवी. मुरमाड जमिनीत, घरापासून तीन-चार मीटर दूर, मीटरभर लांब-रुंद-खोल शोषखड्डा खणून त्यात खाली मोठे दगड आणि वर लहान खडी भरावी. काळ्या जमिनीत पाणी फार सावकाश मुरते, आणि भिंतीजवळ मुरले तर जमीन फुगवून पायालाच त्रास देते. तेथे शोषखड्ड्यापेक्षा केळीचा आणि अळूचा वाफा बरा. आपल्या आज्यांनी मोरीच्या तोंडाशी केळ आणि अळू लावले, ते उगाच नव्हे.

पाणी पिणारी वीट उन्हाळ्यातही उपयोगी पडते. संध्याकाळी तिच्यावर शिडकावा केला की ती पाणी धरून ठेवते. त्याची वाफ होताना वीट थंड होते आणि तिच्याबरोबर भोवतालची हवाही. पावसाळ्यात मात्र सावलीतील विटांवर शेवाळ धरते आणि पाय घसरतो. आठवड्यातून एकदा खराट्याने घासले की ते जाते.

वर्ष-दोन वर्षांत एखादी वीट खचते. उंदराने खाली बीळ केले असेल, किंवा त्या जागी मुरूम नीट ठोकला गेला नसेल. कोबा फुटला तर तो घणाने फोडून पुन्हा करावा लागतो. येथे तसे नाही. करणीचे टोक सांध्यात घालून वीट उचलावी, खाली मूठ-दोन मुठी वाळू टाकावी, वीट परत ठेवावी आणि दोरी लावून शेजारच्या विटांशी पातळी पाहावी. हे काम सहावीतील मुलालाही अर्ध्या तासात करता येते.

अभ्यास

१. फरसबंदी ४.८ मीटर लांब आणि ३.६ मीटर रुंद करावयाची आहे. चटईच्या विणीसाठी आतील विटा किती लागतील? रुंदीच्या बाजूने उतार किती सेंटिमीटर द्यावा लागेल?

२. काळ्या जमिनीवर थेट मांडलेल्या विटा पावसाळ्यात का हलतात, ते आपल्या शब्दांत लिहा.

३. शाळेच्या आवारात पाऊस पडत असताना पाणी कोठून कोठे जाते, त्याचा नकाशा काढा.

४. 'वीट' आणि 'वीट येणे' यांतील अर्थभेद सांगा. पाणसळ, धुम्मस, जोते, पागोळ्या, सांधेमोड हे शब्द वापरून एकेक वाक्य करा. घरातील वडीलमाणसांना विचारून गवंडीकामातील आणखी पाच शब्द मिळवा.